योगीराज अण्णाच्या चार फ्रेम

मी पगार घेऊन दिवसाला साठ माणसं आपटताना बघते. एकाचा खांदा दुसऱ्याच्या बरगड्यांत घुसतो, दोघं हवेत उचलले जातात, खाली येतात आणि तेवढ्यात चित्र थांबतं. ते मुद्दाम थांबवलेलं असतं. पुढे कोण उठलं आणि कोणाला स्ट्रेचरवरून नेलं हे आम्हाला दाखवत नाहीत. एखाद्याची मान मोडली हे एकदा कळलं की त्याच्या प्रत्येक हालचालीत चूक दिसायला लागते, म्हणून ही काळजी.

खेळ रग्बीचा. पंधरा विरुद्ध पंधरा, अंगावर ना हेल्मेट ना पॅड. चेंडू घेऊन पळणाऱ्याला समोरच्यानं खांद्यानं धडक देऊन, दोन्ही हातांनी कवळून खाली पाडायचं, याला टॅकल म्हणतात. आमचं ऑफिस बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत, चौथ्या मजल्यावर. देशोदेशीचे क्लब सामन्यांचे व्हिडिओ पाठवतात आणि आम्ही एकेक टॅकल तपासून बावीस रकाने भरतो. खांदा कुठे लागला, पाठ सरळ होती का, पाय चालत होते का, नजर वर होती का, डोकं कुठल्या बाजूला गेलं. असे हजारो टॅकल जमले की माणसं कुठल्या सवयीनं मोडतात ते कळतं. एकच टॅकल दोघांनी वेगवेगळं बसून तपासायचा, आपापसात बोलायचं नाही. तीन आठवड्यांनी तेच टॅकल क्रम बदलून पुन्हा समोर येतात, म्हणजे आपलं आपल्याशी तरी जुळतंय का हे समजावं. दोघांना एकाच गोष्टीत दोन गोष्टी दिसत असतील तर तो रकाना कचऱ्यात टाका, असं आमचा साहेब पद्मनाभ म्हणतो. तो नागपूरचा, नव्वद किलोचा, कॉलेजात स्वतः रग्बी खेळलेला. मी पुण्याची, फिजिओथेरपी शिकलेली. माझं नाव स्वानंदी, पण ते ठेवलं तेव्हा माझा स्वभाव घरात कुणाला माहीत नव्हता.

मला लिहायचंय ते माझ्या जोडीदाराबद्दल. योगीराज निपाणीकडचा. घरात मराठी, शाळेत कानडी, तालमीत दोन्ही. नवव्या वर्षी वस्तादांनी त्याला मातीत उतरवलं आणि अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत तो तिथेच होता. दोन्ही कान चुरगळून गाठीसारखे झालेले, भुवईत टाक्यांची जुनी खूण. एका जत्रेत त्यानं समोरच्या पैलवानाला असा उचलून आदळला की खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज कडेला बसलेल्यांना ऐकू गेला. लोकांनी योगीराजला फेटा बांधून खांद्यावर घेतलं आणि तो दुसरा मातीत ओरडत पडून राहिला. “मी वरनं बघितलं त्याला, अक्का,” त्यानं मला एकदा डबा खाताखाता सांगितलं. “आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.” पुढच्याच वर्षी कुणीतरी त्याचा गुडघा उलटा पिळला आणि त्याची कुस्ती संपली.

बंगळूरला तो आला तो वॉचमन म्हणून. आमच्याच मजल्यावर दारापाशी खुर्ची टाकून बसायचा. एक दिवस पाण्याची बाटली भरायला आला आणि माझ्या खुर्चीमागे थबकला. पडद्यावर एक लांबलचक गोरा पोरगा धावत्या माणसाच्या अंगावर जात होता. धडक अजून व्हायची होती. “आता ह्याचा खांदा गेला,” मागून आवाज आला. क्लिप थांबली. मी वळून अशी खेकसले की कुठलाही शहाणा माणूस पळाला असता. तो हलला नाही. नियम मोडून मी पद्मनाभकडून पुढचा भाग उघडवून घेतला. पोराचा खांदा सांध्यातून निसटून छातीकडे आला होता आणि तो तोंड उघडून मैदानावर बसला होता. आवाज बंद होता तरी त्याची किंकाळी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी पद्मनाभनं योगीराजला दहा क्लिपा दाखवल्या. त्यानं सात बरोबर सांगितल्या. मी म्हटलं, भविष्य सांगणं वेगळं आणि रोज त्याच मापानं मोजणं वेगळं, हा गडी आज एक सांगेल आणि उद्या दुसरं. पद्मनाभनं शंभर टॅकल त्याच्यापुढे टाकले आणि तीन आठवड्यांनी तेच शंभर उलटसुलट करून पुन्हा. योगीराजचं स्वतःचं स्वतःशी शहाण्णव ठिकाणी जुळलं. माझं अठ्ठ्याऐंशी. मी दोन दिवस त्याच्यासोबत जेवले नाही. तिसऱ्या दिवशी त्यानंच डबा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, “खा की अक्का, झुणका हाय.” वयानं तो माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, तरी मला अक्का म्हणायचा. मग मीही त्याला अण्णा म्हणू लागले.

बावीसपैकी एकवीस रकान्यांत आमचं छान जुळायचं. डोक्याच्या रकान्यात मात्र रोज मारामारी. हा रकाना मागाहून जोडलेला, आणि तो साधा नाही. टॅकल करताना डोकं पळणाऱ्याच्या पाठीमागच्या बाजूला गेलं पाहिजे, त्याच्या ढुंगणाला गाल लागला पाहिजे. ते पुढच्या बाजूला आलं तर पळणाऱ्याचा गुडघा किंवा कमरेचं हाड सरळ टाळूवर बसतं. सगळ्या वेगाचा मार मग मानेवर. मी जिथे ‘पुढे’ लिहायची तिथे अण्णा ‘मागे’ लिहायचा. डोळे मिटून खुणा केल्या असत्या तरी याहून फार कमी जुळलं नसतं. पण मान मोडते ती इथेच, म्हणून पद्मनाभ हा रकाना कचऱ्यात टाकायला तयार नव्हता. मी म्हणायची, तू नीट बघत नाहीस. तो म्हणायचा, “तू कुणाच्या पोटात डोकं घातलंयस का कधी? मी घातलंय, एकोणीस वर्षं.” सहा महिने हे चाललं. मला त्याचा इतका राग यायचा की घरी जातानाही मनातल्या मनात मी त्याच्याशी भांडत असे.

दर रविवारी तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, येलहंक्याला जायचा. तिथे मुलींचा एक क्लब होता आणि त्यांना टॅकल शिकवायला कुणी नव्हतं. मैदान लाल मातीचं, उन्हाळ्यात दगडासारखं. दोन वर्षांत त्यानं अकरा जणी तयार केल्या. त्यातली पहिली पवित्रा, कारण तिचा बाप मल्लाप्पा त्याच्याच भागातला, बस डेपोत मेकॅनिक. एकोणीस वर्षांची, पंचावन्न किलोची पवित्रा ऐंशी किलोच्या पोरीला खाली घ्यायची आणि उठून केस बांधायची. तिच्या क्लिपा तो फोनवर मला दाखवायचा. एकदा तिनं कुणाला इतकं जोरात पाडलं की त्या पोरीच्या तोंडातलं रबरी कवच उडून चुन्याच्या रेषेबाहेर गेलं. अण्णा फोन धरून हसत होता. खरं सांगते, मीही हसले.

जानेवारीत एका रविवारी सकाळी पवित्रानं समोरून येणाऱ्या पोरीला टॅकल केलं. त्या पोरीचा गुडघा तिच्या टाळूवर बसला. अण्णा रेषेवर होता, वीस पावलांवर. त्यानं मला नंतर एवढंच सांगितलं की पवित्रा पालथी पडली होती, तोंडात माती गेली होती, आणि ती म्हणत होती, “अण्णा, माझ्या अंगावरून हिला उठव.” अंगावर कुणीच नव्हतं. मानेचा पाचवा मणका फुटला होता. शस्त्रक्रिया झाली, ती वाचली, पण खांद्याखाली काही उरलं नाही. ना हात, ना पाय.

क्लबच्या कमिटीनं महिनाभरानं मल्लाप्पाला पत्र दिलं. त्यात लिहिलं होतं की खेळाडूनं शिकवल्याप्रमाणे न करता स्वतःच्या चुकीनं दुखापत ओढवून घेतली. पत्र वाचून अण्णा कमिटीच्या सेक्रेटरीकडे गेला, त्याची कॉलर धरून त्याला भिंतीला टेकवला आणि पाय जमिनीवरून सुटेपर्यंत वर उचलला. चौघांनी मिळून सोडवला. मग तो पवित्राकडे गेला आणि तिला शपथेवर सांगून आला, “पोरी, तुझं काय बी चुकलं न्हाई. डाव बरोबर होता. नशीब वाईट.” ती रोज हेच विचारायची म्हणे. दुसरं काही विचारायची नाही. माझं चुकलं का, एवढंच.

हे सगळं मला तेव्हा तुकड्यातुकड्यांनीच ठाऊक होतं. अण्णाच्या कुण्या शिष्येला जबर लागलंय, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. बाकी तो बोलायचा नाही. ऑफिसात यायचा, बावीस रकाने भरायचा, डबा न उघडता परत न्यायचा.

एप्रिलमध्ये पद्मनाभनं ऐंशी टॅकलचा एक गठ्ठा आमच्यापुढे टाकला. चेहरे पुसलेले, जर्सीचे रंग काढून टाकलेले. आम्ही वेगवेगळ्या खोल्यांत बसून तो तपासला. निकाल आला तेव्हा एकोणीस ठिकाणी आमचं जुळलं नव्हतं आणि एकोणीसच्या एकोणीस डोक्याच्या रकान्यात. मग तिघं मोठ्या पडद्यापुढे बसलो. असं जुळलं नाही की समोरासमोर बसून सोडवायचं, हीच आमची पद्धत. पहिल्या सहा-सात क्लिपांवर आम्ही नेहमीसारखे भांडलो. मग सत्तेचाळीस नंबरची आली.

लाल माती. एक सडपातळ आकृती खाली वाकून जाते, समोरून येणारी मोठी. धडक. क्लिप थांबली.

“डोकं मागं हाय,” अण्णा म्हणाला. “ही मी सोडणार न्हाई.”

“पुढे आहे,” मी म्हटलं. “आंधळा आहेस का? सरळ गुडघ्यापुढे घातलंय.”

“मागं हाय.”

“पद्मनाभ, परत लाव. अण्णा, डोळे उघडून बघ. हिला असं ज्यानं कुणी शिकवलं असेल ना, त्याच्या कानाखाली आवाज काढायला पाहिजे.”

पद्मनाभ की-बोर्डकडे बघत होता. अण्णाचा चेहरा काळा पडला. तो म्हणाला, “काढ. मीच शिकवलंय.”

मग पद्मनाभनं सांगितलं. क्लबनंच ती क्लिप पाठवली होती, तटस्थ मत हवं म्हणून, आणि आपल्या कमिटीचं म्हणणं खरं ठरेल या खात्रीनं. पद्मनाभनं ती इतरांत मिसळली, चेहरा पुसला, आणि अण्णाला ओळखू येणार नाही असं समजला. ज्या पोरीला दोन वर्षं पळायला शिकवलं तिची चाल चेहरा पुसून लपते, असं नव्वद किलोच्या शिकलेल्या माणसाला वाटलं. मी पद्मनाभला नको नको ते बोलले. पण जास्त राग माझा मला आला होता. सहा महिने मला जिंकायचं होतं आणि जिंकण्याच्या भरात मी त्याच्या तोंडावर काय फेकलं ते मला तोंडातून गेल्यावर कळलं.

अण्णा उठून जाईल असं मला वाटलं. तो उठला नाही. “दाखव,” तो म्हणाला. “तुला पुढं कुठं दिसतंय ते एकेक करून दाखव.”

मी क्लिप एकेका फ्रेमनं पुढे नेली. सेकंदाला पंचवीस फ्रेम असतात. अकराव्या फ्रेमवर अण्णानं हात वर केला. “हितं थांब. धडक हितं झाली. बघ, डोकं मागं हाय.” आणि होतं. खरंच होतं. गाल ढुंगणाच्या मागे, मान सरळ, नजर वर. चित्रात लावावं असं. पवित्राची बोटं त्या पोरीच्या मांडीला नुकती लागली होती.

“पण अण्णा, खांदा कुठे लागलाय अजून?” मी म्हटलं. मी पुढे नेलं. बारा. तेरा. चौदा. पंधराव्या फ्रेमवर खांदा मांडीला भिडला, आणि त्या चार फ्रेमांत डोकं मागून पुढे सरकून पोटाखाली शिरलं होतं. वरून गुडघा येत होता. मी नेहमी इथे थांबत आले होते. तो नेहमी तिथे.

आमच्या नियमांच्या पुस्तकात लिहिलं होतं, ‘धडकेच्या क्षणी डोक्याची जागा बघा’. धडक कधी सुरू होते हे लिहायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. पुस्तक पद्मनाभनं लिहिलं होतं, खांद्यानं खेळणाऱ्यानं. तालमीत वाढलेल्या माणसाची धडक हात लागला की होते. “हात लागला की डाव लागला,” अण्णा पुटपुटला. “पुढं बघायचं काय असतं? पुढं तर तो पडलेलाच असतो.” आम्ही उरलेल्या क्लिपा उघडल्या. एकोणीस ठिकाणी तेच. त्याची फ्रेम आणि माझी फ्रेम, मध्ये चार, कधी पाच. सेकंदाचा सहावा हिस्सा. तो बघण्यात चुकत नव्हता. तो माझ्या आधी थांबत होता आणि त्याच्या पुढे जे घडत होतं ते त्यानं आयुष्यात कधी बघितलंच नव्हतं.

“पण मी त्यांना डोकं मागंच सांगतो,” तो म्हणाला. “देवाशपथ सांगतो. तोंडानं शंभरदा सांगितलंय. विचार पोरींना.”

“आणि करून काय दाखवतोस?” पद्मनाभनं विचारलं.

तळमजल्यावर ऑफिसची व्यायामशाळा आहे. तिथल्या गाद्या आम्ही ओढून भिंतीपासून लांब घेतल्या. पद्मनाभनं बूट काढले, चेंडू म्हणून उशी काखेत धरली आणि अर्ध्या वेगानं पळत आला. अण्णा खाली गेला, हात मांडीला लागले, आणि पद्मनाभचा गुडघा त्याच्या कपाळावर असा बसला की आवाज भिंतीवरून परत आला. दोघं गादीवर पडले. मी फोनवर चित्रण केलं होतं. डोकं पुढे.

“परत,” अण्णा म्हणाला. “आता मी ध्यान देतो.”

दुसऱ्या वेळी तो तोंडानं मोठ्यानं बोलत गेला, “मागं, मागं, मागं.” हात लागले आणि डोकं पुढे शिरलं. या वेळी गुडघा भुवईवर लागला. जुनी टाक्यांची खूण उसवली आणि रक्त डोळ्यात उतरलं. पद्मनाभ म्हणाला बस झालं. अण्णानं सदऱ्याच्या बाहीनं डोळा पुसला आणि त्याला ढकलून पुन्हा भिंतीशी पाठवलं. “ये म्हणतोय न्हवं! ये! पूर्ण पळत ये!”

तिसऱ्या वेळी पद्मनाभ पूर्ण पळत आला नाही, तरी अण्णाचं नाक फुटलं. गादीवर रक्ताचे थेंब पडले, त्याच्या दातांवर आलं. तो गुडघ्यांवर बसून माझ्या हातातला फोन मागत होता. मी तिन्ही चित्रणं त्याला एकामागून एक दाखवली. तिन्ही वेळा हात लागले की चौथ्या फ्रेमला डोकं पुढे. एकोणीस वर्षांत मानेत बसलेलं. मातीत समोरचा उभा असतो, त्याच्या पोटात डोकं घातलं की त्याला तुझी मान धरता येत नाही, म्हणून वस्तादांनी घालून दिलेली सवय. तिथे ती बरोबरच होती. इथे समोरचा पळत असतो.

“पोरी तोंडाचं ऐकत न्हाईत,” अण्णा म्हणाला. “पोरी अंगाचं बघतात.” मग तो रडला. मी त्याला रडताना पहिल्यांदा बघितलं आणि त्याच्या नाकाला बर्फ लावत बसले.

दुसऱ्या दिवशी दोन बस बदलून आम्ही येलहंक्याला गेलो. त्यानं मला बरोबर यायला सांगितलं नव्हतं, मीच गेले. मल्लाप्पाचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत लोखंडी कठड्यांची खाट आणि तिच्यावर पवित्रा, मानेला पट्टा, नजर छताला. दंड काड्यांसारखे झाले होते. अण्णाचं सुजलेलं तोंड बघून मल्लाप्पा म्हणाला, “काय रे, कुणासंगं मारामारी केलास?”

अण्णा खाटेशी उभा राहिला. बसला नाही. “पवित्रा, तू मला इचारत होतीस न्हवं, तुझं चुकलं का म्हणून. तुझं चुकलं न्हाई. मी जसं केलं तसंच तू केलंस, तंतोतंत. माझा डावच हितं चुकीचा होता. त्यानंच मोडलं. नशीब बिशीब काय न्हाई. मी मोडलं.”

मल्लाप्पाला समजायला थोडा वेळ लागला. मग त्यानं कोपऱ्यातला पाण्यानं भरलेला पितळी तांब्या उचलला आणि अण्णाच्या डोक्यात घातला. पाणी भिंतीवर उडालं. दुसरा फटका कानावर, तिसरा खांद्यावर. एका हातानं तो अण्णाचा सदरा धरून ओढत होता आणि दुसऱ्यानं मारत होता, आणि मराठीत, कानडीत, आठवेल त्या भाषेत शिव्या देत होता. अण्णानं हात वर केला नाही. ज्या माणसानं सेक्रेटरीला एका हातावर उचललं होतं त्यानं मान खाली घालून मार खाल्ला. मी मध्ये पडले तेव्हा मलाही कोपर बसलं आणि ओठ फाटला.

“अप्पा, थांब!” पवित्रा ओरडली. तिचा आवाज तिला पुरत नव्हता, छातीत जोरच नव्हता. “थांब म्हणते ना. ह्याला विचारू दे मला.” मल्लाप्पा तांब्या हातात धरून धापा टाकत राहिला. “अण्णा, बाकीच्यांना सांगितलंस?”

“आधी तुला सांगायचं होतं.”

“रविवारी सामना हाय की त्यांचा.”

“सांगतो. आजच सांगतो.”

“तू सांगून ऐकतील? मला तरी तू किती वेळा सांगितलंस, डोकं मागं म्हणून.” तिनं पुन्हा श्वास भरून घेतला. “शनिवारी सगळ्यांना हितं घेऊन ये. दहाच्या दहा. मी बोलते.”

शनिवारी दुपारी दहाही जणी आल्या. सरावावरून तशाच आल्या होत्या, गुडघ्यांना लाल माती. खोलीत दाटीवाटीनं उभ्या राहिल्या. अण्णा दाराशी, डोक्याला पट्टी. मी फोनवरच्या क्लिपा एकेकीच्या हातात दिल्या, पवित्राची आणि अण्णाच्या तिन्ही. बऱ्याच जणींनी क्लिप पुन्हा लावून बघितली. हर्षितानं बघितली नाही. ती संघातली सगळ्यात दणकट, आणि पवित्रानंतर अण्णाची आवडती. फोन परत करत म्हणाली, “अण्णा उगाच स्वतःला मारून घेतोय. मी दोन वर्षं असंच करते आणि मला कधी स्वल्प पण लागलं नाही. खेळ आहे हा. लागतं एखादीला. सोडून द्यायचं का म्हणून?”

मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पण खरं तर तिचं म्हणणं आकड्यांत चुकीचं नव्हतं. डोकं पुढे गेलं की दर वेळी मान मोडतेच असं नाही. शेकडोंतल्या एखाद्या वेळी मोडते. म्हणून तर हजारो टॅकल मोजावे लागतात, आणि म्हणूनच न मोडलेल्या माणसाला काही पटत नाही.

“हर्षिता, जवळ ये,” पवित्रा म्हणाली. “माझा हात उचल. उजवा.”

हर्षितानं मनगट धरून हात वर उचलला.

“अजून वर. आता सोड.”

“का?”

“सोड की.”

हर्षितानं सोडला. हात सरळ लोखंडी कठड्यावर पडला. मोठा आवाज झाला, दोन बोटांच्या सांध्यांवरची कातडी फाटली, आणि हात तसाच कठड्याला लटकत राहिला. रक्त येऊन चादरीवर पडायला लागलं. मल्लाप्पा पुढे धावला, पण पवित्राचे डोळे हर्षिताच्या तोंडावर होते. स्वतः पवित्राच्या चेहऱ्यावर काहीसुद्धा हललं नव्हतं.

“कठड्यावर पडला न्हवं?” तिनं विचारलं. “आवाजावरून कळलं.”

हर्षिता मागे सरकत सरकत भिंतीला टेकली आणि तिथेच खाली बसली. एक पोरगी बाहेर जाऊन ओकली. कुणीतरी म्हणालं, उद्या आपण खेळायला नको, आणि त्यावर कुणी वाद घातला नाही. मी पिशवीतून कापूस काढून पवित्राची बोटं पुसली, पट्टी लावली.

“आता अण्णा,” पवित्रा म्हणाली.

अण्णा दारातून हलेना. मल्लाप्पानं त्याच्याकडे बघितलं आणि खाटेपासून बाजूला झाला. मग तो आला. त्यानं तिचा डावा हात उचलला, आधी एका हातानं, मग दोन्ही हातांनी. ती वाट बघत राहिली. सगळ्या वाट बघत राहिल्या. तिची मान वळत नव्हती, ती छताकडे बघत होती.

“अण्णा,” थोड्या वेळानं ती म्हणाली, “धरलायस का सोडलायस, मला कळत न्हाई. सांग तरी.”

“धरलाय,” अण्णा म्हणाला.